कर्ण्याच्या आवाजामागून आलेल्या गोदावरीबाबत

जबाब. दि. २९ मार्च १९८४, सकाळी साडेदहा.

नाव लवू केरू गोताड. वय २२ वर्षे. धंदा, लाऊडस्पीकरच्या दुकानात नोकरी, रिक्षातून जाहिराती पुकारणे. शिक्षण बी.ए. दुसरे वर्ष, पुरे नाही. राहणार परटवणे, रत्नागिरी.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

काल बुधवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी रिक्षाच्या आरशात मला गोदावरी दिसली. तिथून माझे सगळे बदलले. जबाब तिथूनच लिहावा असे मी म्हटले. हवालदार पाष्टे म्हणाले, "जबाब सुरुवातीपासून लिहितात." माझी सुरुवात तीच आहे असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी तसे लिहून घेतले.

सदर गोदावरी म्हणजे सौ. गोदावरी शांताराम रेवाळे, वय २१, राहणार सडेवाडी. अकरावी-बारावीला ती व मी एका वर्गात होतो. तिचा रोल नंबर २३. दि. ७ फेब्रुवारी १९८२ रोजी तिचे लग्न झाले. त्याच महिन्यात मी कॉलेज सोडले. कारण विचारल्यावरून सांगतो की, लक्ष लागत नव्हते. तिचा नवरा मुंबईला गिरणीत आहे. गणपतीला व शिमग्याला येतो. घरी सासू यमुनाबाई व दीर बाबल्या असतात.

येत्या रविवारी, एक एप्रिलला, इथल्या वकील मंडळींनी नव्या कायद्यांची माहिती लोकांना देण्यासाठी शिबिर ठेवले आहे. त्याची जाहिरात पुकारण्याचे काम आमच्या दुकानाकडे आले. मी आजवर नाटके, कुस्त्या, हरवलेली गुरे असे पुष्कळ पुकारले आहे. कायदा पुकारण्याची ही पहिली वेळ. वकिलांनी एक छापील कागद दिला होता. तो वाचून मी जे पुकारले ते असे: मागच्या नाताळच्या दिवसापासून नवे कलम लागू झाले आहे, चारशे अठ्ठ्याण्णव-अ. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बाईचा छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. जिवाला, शरीराला किंवा मनाला धोका होईल, बाई जीव द्यायला निघेल, असे वागणे हासुद्धा छळ. माहेरून वस्तू आण म्हणून गांजणे हासुद्धा छळ. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने जीव दिला किंवा तिच्या मरणात संशय आला, तर प्रेत डॉक्टरांनी तपासल्याशिवाय जाळता येणार नाही. तिचा छळ होत होता असे दिसले तर, सासरच्यांनीच तिला मरायला लावले असे कोर्टाला धरून चालता येईल. घरातली गोष्ट घरात, हे दिवस गेले. शेवटचे वाक्य कागदावर नव्हते. ते माझे.

सात वर्षे हा शब्द आला की मी थांबत असे. गोदावरीच्या लग्नाला काल दोन वर्षे, एक महिना, एकवीस दिवस झाले होते.

तिला त्रास आहे हे मला मरियमकडून कळले. मरियम ही रिक्षावाले अकबर दाऊद वस्ता यांची बायको. ती सडेवाडीत मासे विकायला जाते. आठ दिवसांपूर्वी ती म्हणाली, "रेवाळ्यांच्या घरात सुनेशी कोण बोलतच नाय रे. मूल होत नाय म्हणून. म्हातारी ताटलीवर उलथनं आपटते, की ही येते. दोनदा आपटलं की पाणी, तीनदा आपटलं की जेवण वाढ. मी विचारलं, पोरी, सुरमई घेतेस? तर तिनं नुसती मान हलवली. तिची खोली बघितली तर कडी बाहेरून." मी म्हटले, किती दिवस? मरियम म्हणाली, "गेल्या गणपतीच्या आधीपासून. नवरा शिमग्याला येऊन गेला, तोपण गपगार."

मी दुसऱ्या दिवशी शिबिराच्या वकिलांना विचारले की, न बोलणे हा छळ होतो का? ते म्हणाले, "कायदा तीन महिन्यांचा आहे गोताड. कोर्ट काय म्हणेल ते अजून कोर्टालाही माहीत नाही."

सडेवाडी जाहिरातीच्या यादीत नव्हती. रिक्षा मी तिकडे न्यायला लावली, हे खरे आहे. अकबरभाई म्हणाले, "लव्या, यादीत नाय ते गाव तुझ्या डोसक्यात कुठनं आलं?" मी म्हटले, सड्यावरून, उघड्या कातळावरून, आवाज लांब जातो. ते म्हणाले, "आवाज जातो ते ठीक. तू कुठं चाललास ते बघ."

वाडीत आम्ही तीन फेऱ्या मारल्या. रेवाळ्यांच्या घरासमोर रिक्षा थांबवली नाही. हळू केली. दार अर्धे उघडे होते. अंगणात आमसुलं वाळत घातली होती. कोणी दिसले नाही. मी कलम पुरे वाचले आणि आपल्या मनाने पुढे जोडले की, कोणीही तक्रार करू शकतो, शेजारी, मित्र, कोणीही. हे चूक होते. पण ते पुढे येईल.

वाडी सोडून रिक्षा कातळावर आली. ऊन असे होते की पुढचा रस्ता भरतीच्या पाण्यासारखा हलत होता आणि खाली खरे पाणी, समुद्र, मात्र अगदी स्थिर होते. काजूच्या बोंडांचा वास येत होता. माझा आवाज पुढे जाऊन कशाला तरी लागून परत येत होता, त्यामुळे दोन माणसे बोलत आहेत असे वाटे. अकबरभाई म्हणाले, "मागं बघू नको. आरशात बघ."

आरशात गोदावरी चालत येत होती. अनवाणी. अंगावर निळे लुगडे, एक हात पदराखाली. रिक्षाच्या मागे साधारण शंभर पावलांवर. आम्ही थांबलो तर ती थांबली. आम्ही निघालो तर ती निघाली. हाक मारली नाही, हात केला नाही. आवाज पुढे चालला होता आणि ती आवाजाच्या मागून येत होती.

मी उतरून तिच्याकडे का गेलो नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, मी उतरलो असतो तर ती उभी राहिली असती असे मला वाटले. सड्यावर मध्येच उभ्या राहिलेल्या बाईला कोणीही परत घेऊन जाते. म्हणून मी बोलत राहिलो.

कागद संपला. परत पहिल्यापासून वाचला. चार वेळा वाचला. मग मागच्या महिन्यातले नाटक पुकारले. मग हर्णे बंदरातली वादळाची सूचना पुकारली, ती जूनमधली होती. अकबरभाई म्हणाले, "बॅटरी उतरली लव्या. आता घशानं बोल." मी घशाने बोललो. ते म्हणाले, "माझ्या निकाहात काझी येवढं बोलला नव्हता." पण रिक्षा त्यांनी पहिल्या गिअरच्या वर नेली नाही आणि इंजिन तापून वास येत होता तरी तक्रार केली नाही, हे त्यांच्या बाजूने लिहावे.

पुकारायला काही उरले नाही तेव्हा मी अकरावीची हजेरी म्हटली. एक ते बावीस नावे मला पाठ आहेत. तेवीस म्हटले आणि थांबलो. हजेरी घेताना आमच्या बाई थांबत तेवढाच वेळ. आरशात तिने हात वर केला की कपाळावरचा पदर सारखा केला, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

चार पस्तीसला, नाक्याच्या अलीकडे, दीर बाबल्या रेवाळे सायकलवरून मागून आला. तो तिच्याशी बोलला नाही. घंटी वाजवली. दोनदा. ती उभी राहिली. तेव्हा मी उतरलो.

तो म्हणाला, "ओ कर्णेवाले, आमची बाई कुठं नेताय?"

"मी नेत नाही. ती चालते आहे."

"रस्ता तुझ्या बापाचा काय?"

"पी.डब्ल्यू.डी.चा."

त्याने परत घंटी वाजवली. त्यानंतर त्याच्या शर्टाची तीन बटणे तुटली व घंटी हँडलवरून निघाली. ते माझ्या हातून झाले. घंटी मी पोलीस ठाण्यात जमा केली आहे. शर्टाबद्दल माझे काही म्हणणे नाही. अकबरभाईंनी मला मागून धरले व तिला म्हणाले, "बेटी, बस रिक्षात. इथनं पोलीस ठाणं पाच मिनिटं. परत जायचं असेल तर तेपण सांग, सोडतो." ती रिक्षात बसली. मी पुढे अकबरभाईंच्या बाजूला, अर्धा बाहेर.

चार वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही इथे आलो. बाबल्या रेवाळे मागोमाग आला. तो म्हणाला, "साहेब, ह्या पोरानं आमची वहिनी फूस लावून आणली. गुन्हा नोंदवा आणि बाई आमच्या ताब्यात द्या. दिवे लागायच्या आत घरी न्यायची आहे." मीही ओरडलो की तक्रार माझी नोंदवा, नव्या कायद्याची. मला तेव्हा एवढेच कळत होते की ती परत त्या कडीच्या आत जाऊ नये.

हवालदार पाष्टे यांनी दोघांना गप्प बसवले. बाबल्याला म्हणाले, "दुसऱ्याची बायको फूस लावून नेणं, कलम चारशे अठ्ठ्याण्णव. जुनं कलम आहे. त्याची तक्रार नवऱ्यानं करायची, तीही कोर्टात. तू नवरा आहेस?"

"भाऊ आहे."

"मग त्या बाकावर बस. आणि तू रे? तुझं ते चारशे अठ्ठ्याण्णव-अ. दोन्ही कलमं पुस्तकात भिंतीला भिंत लावून आहेत. जुन्यात बाईचा मालक कोण ते लिहिलंय. नव्यात बाईचे हाल कोणी केले ते लिहिलंय. दे तो कागद."

मी कागद दिला. त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापले होते. पुकारणारा माणूस मागची बाजू वाचत नाही, मीही वाचली नव्हती. तिथे लिहिले होते की पोलिसांनी कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास सुरू करायचा तर खबर त्या बाईने स्वतः द्यावी लागते, किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसाने.

"रक्ताचा आहेस?"

"नाही."

"लग्नाचा?"

हे उत्तर द्यायला मला वेळ लागला. तो वेळ जबाबात धरू नये. नाही म्हणालो.

"दत्तक?"

"साहेब, मी बावीस वर्षांचा आहे."

"मानलेला भाऊ लिहू? कायद्यात चालत नाही, पण कागदावर बरं दिसतं."

"लिहू नका."

"का रे?"

"खोटे होईल."

मग त्यांनी विचारले की, तुमचे प्रेमसंबंध होते काय? आज परत विचारल्यावरून तेच सांगतो की, गोदावरीचा माझ्याशी तसा काही संबंध नव्हता व नाही. तिने मला कधी पत्र लिहिले नाही, भेटली नाही, लग्नानंतर एक शब्द बोलली नाही. एवढे तिच्याबद्दल. माझ्याबद्दल कायद्यात कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगत नाही.

तिला आतल्या खोलीत बसवले. ठाण्यात झाडलोट करणाऱ्या गंगाबाईंना तिच्याजवळ बसायला सांगितले. मीही आत गेलो. हवालदार साहेबांनी तिला नाव विचारले. नाव मी सांगितले. किती दिवसांपासून त्रास आहे? मी म्हटले, गणपतीच्या आधीपासून. हाताला काय झाले? तिने पदर बाजूला केला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, भाजल्याचा डाग होता, उलथन्याच्या टोकाएवढा. मला तो माहीत नव्हता. तरी मी म्हटले, सासूने चटका दिला.

"तू बघितलास?"

"नाही."

"मग तू कसा सांगतोस? चोवीस तास पुकारायची सवय लागलीय तुला. बाई, तुम्ही सांगा."

ती बोलेना. बाहेर बाकावर बाबल्या रेवाळे पाय हलवत होता, त्याच्या चपलेचा आवाज येत होता. हवालदार साहेब म्हणाले, "ह्या बोलल्या नाहीत तर मला लिहिता येत नाही. लिहिलं नाही तर मला थांबवता येत नाही." मी म्हटले, साहेब, सात महिने घरात कोणी बोललेले नाही हिच्याशी, एकदम कशी बोलेल, मी सांगतो, तुम्ही लिहा, हिने फक्त मान...

तेव्हा गोदावरी बोलली. आवाज घोगरा होता, पहिल्यांदा मला ओळखू आला नाही. ती म्हणाली, "लवू, तू भायर जा. माझं मी सांगत्ये."

तिने आत काय सांगितले ते मला माहीत नाही. ती फिर्याद तिची आहे. मी व्हरांड्यात बसलो होतो. अकबरभाईंनी चहा आणला, तो मी घेतला नाही. साडेसहाच्या सुमारास बाबल्या रेवाळे याला आत बोलावले व साडेसातला सोडले. तो बिनघंटीची सायकल हातात धरून एकटा गेला, हे मी पाहिले. आज गोदावरी कुठे आहे हे मी विचारले नाही. विचारले, पण हवालदार साहेबांनी सांगितले नाही.

इथपर्यंतचे मला मोठ्याने वाचून दाखवले. माझ्याच आवाजात ऐकल्यासारखे वाटले. सांगितले तसेच उतरले आहे. सही करू का विचारले, तर साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत असे समजले. एक गोष्ट राहिली ती खाली जोडून घ्यावी अशी विनंती केली, ती अशी की,

ती बाहेर जा म्हणाल्यावर मी उठलो. बाहेर आलो आणि दार ओढून घेतले. त्या दाराला बाहेरून कडी आहे. ती मी लावली नाही.