मानेवरची गोचीड

दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या शिंपीकाकांशेजारी सासू-सून येऊन टेकल्या. दोघी नुकत्याच डॉक्टरांकडून बाहेर आल्या होत्या.

“हुश्श! गोचीड अख्खी निघाली म्हणाले ना?”

“हो आई, तोंडासकट. चिमट्याने सरळ ओढलीत म्हणून.”

“आणि तू म्हणत होतीस, रॉकेल लावा!”

शिंपीकाकांनी हळूच स्वतःचे घोटे तपासले.

“घाबरले होते हो मी.”

“मी काय कमी घाबरले होते? आता ताप आला, चट्टा उठला, तर लपवायचं नाही. तडक इथे यायचं.”

“नाही लपवणार.”

“पुन्हा जाशील रानात पक्षी बघायला?”

“जाईन की.”

“मग पायमोजे विजारीवर ओढून घाल. आणि मलाही ने.”

“तुम्हाला? कशाला?”

“तुझी मान मागून कोण बघणार?”