मधल्या वाटेपलीकडची उशी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, ज्यांच्यासाठी हे सभागृह आज भरलं आहे ते आपले मोठे सर, व्यासपीठावरचे कमिटीचे सभासद, टोकाच्या खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसलेले सहायक प्रशिक्षक, म्हणजे आमचे जावईबापू, दाराशी उभ्या असलेल्या मैदानाच्या मावशी, पायऱ्यांवर बसून सामने बघणारी माझी सगळी जुनी मंडळी, आणि पहिल्या रांगेत बसून मला आत्तापासूनच घड्याळ दाखवणारी माझी घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. मी गादीकाम करणारा माणूस. खुर्च्या, सोफे, बाकं यांच्या बैठकी भरायच्या, कापड ताणायचं, टाके घालायचे, हा माझा धंदा. शिक्षण सातवीपर्यंत, त्यातली सातवी दोनदा. त्यामुळे भाषणाचं कळल्यापासून चार दिवस जीव थाऱ्यावर नाही. माइक बंद पडला तर काय? कुणाचा उल्लेख राहून गेला आणि तो माणूस रुसला तर काय? येताना दुकानाचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. आमची मंडळी म्हणाली, "अहो, त्या कुलपाला हात असता तर त्यानं तुमचा हात धरला असता." तिचं म्हणणं असं, की लोकांना काळजी करायला कारण लागतं, मला नुसती सकाळ झाली तरी पुरते.

असो. मोठ्या सरांबद्दल बोलतो.

सरांनी आपला संघ चौदा वर्षं सांभाळला. या चौदा वर्षांत सर सामना चालू असताना एकदाही खाली बसलेले मी पाहिले नाहीत. माझ्याकडे याचा पुरावा आहे. मैदानाकडेच्या बाकाची बैठक मी दोन वेळा बदलली. दोन्ही वेळा सरांच्या जागेचा फोम दुकानातून आणल्यासारखा कोराच्या कोरा निघाला. शेजारच्या जागेला मात्र असा खड्डा, की त्यात मांजर व्यायली असती. ती जागा जावईबापूंची. नऊ वर्षं ते तिथे बसले आणि वहीत लिहीत राहिले. पायऱ्यांवर त्यांचं नावच पडलंय, वहीवाला.

आता सरांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून सरांनाही द्यावा लागला. आणि पायऱ्यांवर वाद सुरू झाला. नवा मुख्य प्रशिक्षक बाहेरून आणायचा की वहीवाल्यालाच करायचं?

पाहुणे मंडळींना आमची पद्धत सांगायला हवी. आमच्या पायऱ्या सिमेंटच्या, बसलं की थंडी थेट मणक्यात. म्हणून प्रत्येकाची आपली उशी असते. बहुतेक माझ्याच हातच्या आहेत, कुठली कुणाची ते मी डोळे मिटून सांगीन. संघाचा मोठा प्रश्न आला की आम्ही हात वर करत नाही. हात वर करताना माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. आम्ही बसतो. मधल्या वाटेच्या डावीकडे बसला तो 'हो'वाला, उजवीकडे बसला तो 'नाही'वाला. तीन सामने असं बसायचं. तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात सगळे चहाला जातात, पायऱ्यांवर फक्त उशा उरतात, आणि अध्यक्षसाहेब आपल्या खोलीच्या खिडकीतून त्या मोजतात. कमिटीवर त्याचं बंधन नाही, पण उशांच्या विरुद्ध कमिटी आजवर गेलेली नाही.

मी उजवीकडे बसलो, म्हणजे वहीवाल्याला 'नाही'. पहिल्याच दिवशी, पहिल्या पायरीवर, सगळ्यांना दिसेल असा.

काय कौतुक झालं माझं. सख्ख्या जावयाच्या विरुद्ध उशी ठेवली, याला म्हणतात निःस्पृह माणूस, असं लोक म्हणाले. फक्त आमचे पोस्टमन कौतुक करेनात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून प्रत्येक दारात थांबून बोलायची सवय आहे त्यांना. ते डावीकडच्यांचे पुढारी.

मला म्हणाले, "काय रे गादीवाल्या, जावयानं काय घोडं मारलंय तुझं?"

मी म्हणालो, "माणूस सोन्यासारखा आहे. पण त्याला ओरडता येत नाही. बाकावरचा खड्डा बघ. जो बसतो तो दुय्यमच."

"जो बसतो त्याला दिसतं. उभा राहणाऱ्याला नुसता घाम येतो."

"आचारी चांगला म्हणून कुणी त्याच्या हातात खानावळ देत नाही."

"तुझ्या हातात कुणी दिलं रे दुकान? तू तर तिथे टाके घालायला नोकर म्हणून लागला होतास."

मग मी तीन सामन्यांचा विषय काढला. दोन वर्षांपूर्वी सरांना कावीळ झाली तेव्हा जावईबापूंनी तीन सामने एकट्यानं सांभाळले होते. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला, एक हरला. पोस्टमन जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलायचे, मी हरलेल्या, आणि ज्यांना भांडण नको होतं ते बरोबरीतल्या. तीन आठवडे आम्ही तेच तीन सामने दळले. पीठ काही पडलं नाही.

आता, अध्यक्षसाहेब, इथे मला पाणी प्यायचं आहे.

मी उजवीकडे का बसलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ओरडण्याबिरडण्याचं कारण खोटं होतं. खरं कारण माझ्या दुकानातल्या जुन्या चादरी. मोठ्या सरांच्या आधी आपल्याकडे पाच मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. पाचांपैकी एकही दोन वर्षांवर टिकला नाही. चार सामने हरले की पायऱ्या ओरडायला लागतात, मीही ओरडलोय. मग एक दिवस त्या घरासमोर ट्रक उभा राहतो. सामानाला ओरखडे पडू नयेत म्हणून लोक माझ्याकडे जुन्या चादरी मागायला येतात. पाच वेळा मी चादरी दिल्या. सहायकाला कुणी काढत नाही, तो राहतो. माझी मुलगी दोन गल्ल्या सोडून राहते. सहाव्यांदा चादरी मागायला ती दारात उभी राहिली तर काय, ही माझी काळजी.

त्यात माझे डोळे. टाका मी अजून अंदाजानं घालतो, पण सुईचं नेढं गेल्या दहा वर्षांत मला दिसलेलं नाही. मुलगी रोज सकाळी कामावर जाताना दुकानात शिरते आणि बारा सुया ओवून गादीत खोचून ठेवते. बारा सुयांत माझा दिवस निघतो. ती या गावातून गेली तर माझं दुकान त्या सकाळी बंद. हे पायऱ्यांवर कसं सांगणार? म्हणून मी म्हणत राहिलो, त्याला ओरडता येत नाही.

त्या तीन आठवड्यांत मुलगी सुया ओवायची, पण चहाला थांबायची नाही. नवऱ्याच्या विरुद्ध बसलेल्या बापाच्या सुया ओवणं सोपं नसतं. आमची मंडळी मला वाढताना म्हणायची, "आमटी उजवीकडे ठेवू की डावीकडे?"

मग तिसरा सामना आला. मध्यंतर झालं. माझ्या वयाच्या माणसाला मध्यंतर चहाला पुरत नाही, मी दुसऱ्या रांगेत होतो. ज्यांना कळलं ते हसतायत. परत आलो तर पायऱ्यांवर लोक मला टाळ्या देतायत. पोस्टमननी मला मिठी मारली, त्यांचा चहा माझ्या पाठीवर. मला वाटलं आपण गोल केला. बघतो तर माझी विटकरी उशी मधली वाट ओलांडून डावीकडे. आणि तिच्यामागे उजवीकडच्या आणखी अकरा उशा. सासरा स्वतः सरकला म्हणजे त्याला काहीतरी कळलं असणार, असं म्हणून अकरा जण सरकले होते.

अध्यक्षसाहेब, ती उशी मी हलवली नव्हती.

मावशी, तुम्ही घाबरू नका. तुमची काही चूक नाही. वरची टाकी भरून वाहत होती, पाणी नेमकं माझ्या जागेवर पडत होतं. मावशींनी उशी उचलली आणि कोरडी पायरी दिसली तिथे ठेवली. डावं काय, उजवं काय, त्यांना भिजणारी उशी दिसली. मध्यंतराआधी उजवीकडे सेहेचाळीस उशा होत्या, डावीकडे सदतीस. अध्यक्षसाहेब, तुमच्या खिडकीतून दिसल्या त्या उजवीकडे चौतीस, डावीकडे एकोणपन्नास.

मग मी त्याच क्षणी का बोललो नाही? बोलणार होतो. तोंड उघडलं होतं. पण जावईबापू, ज्यांनी नऊ वर्षांत सामना चालू असताना पायऱ्यांकडे कधी बघितलं नाही, त्यांनी वर बघितलं. मी डावीकडे उशीजवळ उभा. त्यांनी वही मिटली. पेन्सिल खिशात ठेवली. नुसते बघत राहिले. आणि मी तिथेच, डावीकडे, बसलो.

दुसऱ्या दिवशी मुलगी चहाला थांबली. बाराच्या जागी चोवीस सुया ओवल्या. म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं तुम्ही सरकाल." चोवीस सुया मला दिवसभर टोचत होत्या.

हे मी आज का सांगतोय? तर कमिटीनं सरांना भेट म्हणून उशी द्यायचं ठरवलं, आणि काम मला दिलं. सर आता पायऱ्यांवर आमच्यात बसणार, तर त्यांची स्वतःची उशी नको का? मी माप घ्यायला सरांकडे गेलो. सरांना बसायला सांगितलं तर सर म्हणाले, "सवय नाही हो." शेवटी बसले. मला राहवलं नाही, मी उशीचं सगळं सांगून टाकलं. चादरी, ट्रक, सगळं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या जावयाला तीन पत्रं आली होती, माहीत आहे?"

मी म्हणालो, "कसली पत्रं?"

"तीन वेगवेगळ्या गावांहून. तिन्ही ठिकाणी मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावणं. तिन्ही त्यानं परत पाठवली. मी कारण विचारलं तर म्हणाला, घरी सकाळी सुया ओवायच्या असतात. मला वाटलं थट्टा करतोय."

मंडळी, मला वाटत होतं मी त्यांना टिकवून धरलंय. सहायक राहतो, सहायक राहतो, असा माझा जप चालला होता. तो राहत होता माझ्यासाठी, आणि मी त्याच्याविरुद्ध पहिल्या पायरीवर बसलो होतो, सगळ्यांना दिसेल असा. माप घ्यायचं तसंच राहिलं होतं, शेवटी सरांनी फीत स्वतःच धरली.

तिथून मी चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्याकडून टेबलाला लावायचं भिंग आणलं, मोठं, दिव्यासकट. दहा वर्षांत आणलं नाही, कारण आणलं असतं तर मुलीनं सकाळी यायला कारण काय उरलं असतं? पहिली सुई ओवायला पाऊण तास लागला. दुसरीला अर्धा. सरांच्या उशीच्या तीन बाजू मुलीनं ओवलेल्या सुयांनी शिवल्या आहेत, चौथी बाजू मी ओवलेल्या सुईनं. पोरी, तिसऱ्या रांगेतून अशी बघू नकोस. चहाला येत जा. सुयांचं मी बघीन.

आणि जावईबापू, चौथं पत्र आलं तर परत पाठवू नका. ट्रक आला तर चादरी माझ्याकडे आहेत, चांगल्या धुऊन ठेवल्यात. काळजी मी करीनच, ती काही थांबत नाही, पण ती माझी मी करीन. तुम्ही वहीत लिहा.

तर अध्यक्षसाहेब, मोजणीत एक उशी चुकीची होती आणि तिच्या भरवशावर अकरा. तुमच्या खिशातलं नव्या प्रशिक्षकाच्या नेमणुकीचं पत्र वाचायच्या आधी हे तुम्हाला माहीत असायला हवं. आज सगळ्यांकडे उशा नाहीत, पण या सभागृहालाही मधली वाट आहे आणि माझी उशी मी पिशवीतून आणली आहे. तीच, विटकरी. मी आता खाली उतरतो आणि ती माझ्या हातानं डावीकडे ठेवतो. मावशी, तुम्ही सगळ्यांसमोर साक्षीदार. त्या अकरा जणांनी माझ्याकडे न बघता आपापलं ठरवावं. पोस्टमन, तू मोजू नकोस, तुला दोनदा मोजायची सवय आहे.

सर, ही तुमची उशी. चौदा वर्षं उभे राहिलात, आता बसा. डावीकडे की उजवीकडे, ते मी सांगणार नाही, पण डावीकडे माझ्या शेजारी जागा आहे. टाकी दुरुस्त झाली आहे, मी सकाळी दोनदा बघून आलो.

बोलायला उभं केलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, आमच्या मंडळीनं तर घड्याळ केव्हाच पर्समध्ये टाकलंय, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द उसवला असेल, तर म्हाताऱ्याचं काम म्हणून सांभाळून घ्या. आणि सर, उशीच्या चौथ्या बाजूचा टाका जरा वाकडा गेला आहे. त्याबद्दल माफी असावी. ती बाजू खाली घालून बसा.