आत्याबाईंना आराम पडला

...आन वर मलाच म्हनतात, "वय झालंय हो त्यांचं!" वय झालंय? वय काय त्या हॉस्पिटलात जाऊन झालं का? गेल्या तवा काय सोळा वर्सांच्या हुत्या? तवा बी ऐंशीच्याच हुत्या! पन चालत गेल्त्या हो, चालत! नीट ऐका, तुमाला सांगते, कारन ज्याला सांगावं त्यो मान हलवतो आन म्हनतो, "चालायचंच." अहो, चालायचंच म्हनून तर भांडते मी!

मी रेबेका. आन एस्तेरबाई म्हंजी माझ्या सासूबाई, आमी आत्याबाई म्हनतो. पारनेरच्या अलीकडं आमचं गाव. तीस वर्सांत आमचं दोघींचं एक दिवस पटलं न्हाई, ते जाऊ द्या. पन बाई खमकी. कुनाकडनं तांब्याभर पानी कदी मागून घेतलं न्हाई. मला म्हनायच्या, "रेबेका, काय बी होऊ दे, पन संडासला मला कुनी उचलून न्यायचं न्हाई. त्या दिवशी मी मेले असं समज." हे ध्यानात ठेवा.

तर ताप आला. लघवीला जळजळ, थंडी वाजून हुडहुडी. मी आन माझे मालक, जस्टिन, गाडी करून त्यांना नगरला घेऊन गेलो. हॉस्पिटलचं नाव न्हाई घेत. मोठं हाय, काचेचं हाय, दार आपोआप उघडतं, एवढंच सांगते. दारात तिथल्या वॉर्डबॉय मामांनी चाकाची खुर्ची आनली. आत्याबाईंनी खुर्चीकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आपली पिशवी खुर्चीवर ठेवली आन स्वतः बाजूनं निघाल्या! पिशवी बसून गेली आन पेशंट पायी! चालत गेल्त्या हो, चालत!

सलाईन झालं, इंजेक्शनं झाली. त्याबद्दल माझी तक्रार न्हाई, खरं ते खरं, ताप उतरवला त्यांनी. पन तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली औषधं आनायला गेले आन तिकडं घात झाला. शेजारच्या खाटेवर एक बाई हुती, तिची पोरगी सविता, तिनं मला नंतर सगळं करून दाखवलं. राऊंडला एक तरुन डॉक्टर आला. लांबच्या राज्यातला, मराठी नवीनच शिकलेला, पन बोलायला गोड. म्हनला, "आजी, कसा आहे?" आत्याबाई खुशीत! "पडला की रं बाळा! काल दुपारीच पडला!" आता आपल्यात 'आराम पडला' असं अख्खं कोन म्हनतं? 'पडला का?' 'पडला.' संपलं! पन त्यो घाबरला ना... "कसा पडला?" "चांगलाच पडला!" "मग लागला का? कुठे लागला?" "लागली तर! सकाळपास्नं लागलीय भूक, भाकरीचं बघ कायतरी!"

झालं! फाईल वढली आन लिहिलं. पेशंट काल दुपारी पडली. चांगलीच पडली. आन कुठं लागलं विचारलं तर भाकरी मागते, म्हंजी डोक्यालाच लागलं!

औषधाच्या रांगेत दोन तास मोडून मी वर येते तर काय? खाटेला दोन्हीकडनं कठडे. मनगटाला पिवळी पट्टी. उशाशी पाटी, 'पडण्याचा धोका'. डोक्याचा फोटो काढून आनलेला, लघवीला नळी लावलेली. आन आत्याबाई त्या कठड्यातनं माझ्याकडं बघतात, "रेबेका, मी काय केलं गं?"

मी तशीच सिस्टरकडं. "अहो सिस्टर, त्या पडल्या न्हाईत, त्यांना आराम पडला!" सिस्टर म्हनते, "फाईलमध्ये पडल्या असं लिहिलंय." "मग खोडा!" "आम्हाला खोडता येत नाही, मोठे सर खोडतील." "मोठे सर कवा येतील?" "सोमवारी." आन वार कुठला? मंगळवार! त्या डॉक्टरला शोधावं तर त्याची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात. सिस्टरला तरी किती बोलू? एकटी बाई आन चाळीस खाटा, सकाळपास्नं बूड टेकलं नव्हतं तिनं. पन म्हनून? एका 'पडला'पायी माझ्या सासूनं सहा दिवस पडून ऱ्हायचं? पाय खाली सोडला की, "आजी, उठू नका!" कूस वळवली की, "आजी, उठू नका!" अहो खोकल्या, नुसत्या खोकल्या, तरी लांबनं, "उठू नका हं!" शेवटी सोमवार उजाडला. सर आले, फाईल उघडली, "ताप नाही ना? गुड. आराम करू द्या." गेले! खोडायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच!

आन भेटायला येनारे? सगळं गाव शहाळी घेऊन हजर! "पडून ऱ्हावा, एस्तेरबाई, आता आराम करा." खरं सांगू? मी बी काय कमी न्हाई. चमच्यानं भरवलं, तोंड पुसलं, पान्याचा पेला ओठाला लावला. लोक म्हनले, "सून असावी तर अशी!" आन मी फुगले. तीस वर्सांत पयल्यांदा कुनीतरी म्हनलं हुतं हो! मग नळी काढली आन डायपर बांधला. त्या दिवशी आत्याबाई भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मला तवा बी कळलं न्हाई. त्याचा राग माझा मलाच येतो, अजून येतो.

दहाव्या दिवशी डिस्चार्ज. कागद वाचा! ताप नॉर्मल, रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, डोक्याचा फोटो नॉर्मल. सगळं नॉर्मल, फक्त मानूस उभं ऱ्हात न्हाई! दोघांनी धरून उभं केलं तर पाय लटलट कापले आन मटकन खाली बसल्या. म्हनलं, "हे काय?" तर म्हनतात, "वय झालंय हो त्यांचं." दहा दिवसांत? तुमच्याकडं वय काय सलाईनमधनं चढवतात का? चालत आल्त्या हो, चालत! मामांनी तीच चाकाची खुर्ची आनली. ह्या बारीला त्या खुर्चीत आन पिशवी माझ्या हातात.

दारात त्यो डॉक्टर धावत आला. धापा टाकत म्हनला, "आंटी, मी विचारला सगळ्यांना. 'पडला' म्हणजे 'आराम पडला'. सॉरी, आंटी." डोळ्यांत पानी त्याच्या. शिव्या माझ्या तोंडात तयार हुत्या, चांगल्या निवडक, दहा दिवस जमवलेल्या... न्हाई दिल्या. अंगातली सगळी हाडं पाठ असलेला पोर, आमच्या एका शब्दावरनं पालथा पडला. त्यानं एक चिठ्ठी दिली, पारनेरच्या फिजिओथेरपीवाल्या आरती मॅडमची. आता बघा, जे पयल्या दिवशी सांगायचं ते कुठं सांगितलं? दारात! चिठ्ठीवर! जाता जाता!

आरती घरी आली. म्हनली, "काकू, म्हातारं माणूस दहा दिवस पडून राहिलं की पायातली ताकदच जाते. ताप उतरला त्याच दिवशी त्यांना खुर्चीत बसवायचं, धरून चालवायचं. जेवायला अंडं, डाळ द्या. खुर्चीतून उठ-बस करायला लावा, दिवसातून तीनदा. आणि हातात काही नेऊन देऊ नका." म्हंजी आता चांगली सून बंद! "रेबेका, पानी." "उठा आन घ्या." "मी काय शाळेत हाय?" "व्हय, पयलीत." "मेले तरी उठवशील गं तू!" जस्टिन म्हनतो, "आईला बसू दे की." "तू बस! बसून बसूनच हे झालंय!"

दोन दिवस खाटेवरनं हलल्या न्हाईत. मग माझ्या ध्यानात आलं, मिश्री! दात घासायची तंबाखूची मिश्री, त्यांचा जीव की प्रान. डबा उचलला आन खिडकीत ठेवला. चार पावलं. मला असल्या शिव्या दिल्या, असल्या शिव्या... पन आरतीनं दिलेला वॉकर धरून उठल्या! दुसऱ्या आठवड्यात डबा ओट्यावर. मग अंगनात. आरती म्हनली, "मिश्री वाईट असते काकू." म्हनलं, मॅडम, वाईट तर वाईट, तुमच्या व्यायामापरीस जास्त चालवते. आन मग एका सकाळी संडासचं दार वाजलं, आतनं आवाज आला, "बाहेर थांबू नको, मी काय लहान हाय का?" ऐकलं आन मी हसत मागं फिरले.

पन गावाला ते कुठं दिसतं? गावाला दिसतं, म्हातारी कन्हतीय आन सून दारात उभी ऱ्हाऊन "उठा, उठा" करतीय. हॉस्पिटलात भरवत हुते तवा मी देवमानूस, आन घरी चालवते तर कैदाशीन!

परवा सकाळी बघते तर खाट रिकामी. वॉकर भिंतीला, काठी गायब. संडास बघितलं, मागचं दार बघितलं, तेवढ्यात आमच्या आळीतली विजयमाला दारात, कमरेवर हात ठेवून. "रेबेका, शोभतं का गं हे? म्हातारी माझ्याकडं बसून रडतीय. सून पानी देत न्हाई, मिश्री लपवती, घडीभर आराम करू देत न्हाई म्हनं!"

म्हनलं, "तुझ्याकडं? तुझं घर चार घरं सोडून, मधी चढ. तिथवर आल्या कशा?"

"कशा म्हंजी? चालत!"

चालत गेल्त्या हो, चालत! एकट्या, काठी टेकत, चढ चढून... माझी कागाळी करायला! मी तिथंच उंबऱ्यात बसून रडले, आन विजयमालाला वाटलं, पस्तावली. आता गावात माझं नाव गेलं ते गेलंच, ते काय कुठल्या व्यायामानं परत येत न्हाई. म्हनलं, गेलंच हाय तर... दुपारी उठले आन मिश्रीचा डबा विजयमालाच्याच फळीवर ठेवून आले.