ठूलीआमाच्या खोलीची वाळू

...आणि वर म्हणे, कान्छी, म्हणजे घरातली धाकटी, म्हणजे मी, घुमी आहे! तुम्हीच सांगा, ज्या घरात उजाडायच्या आत तिघं एकदम बोलायला लागतात, त्या घरात चौथ्याने बोलायचं कधी? फट तर मिळायला हवी! आमच्या जसमान दाजूची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गोऱ्यांच्या पलटणीतली भरती जवळ आली, तेव्हापासून तर घरात श्वास घ्यायलासुद्धा रांग. बाजे, म्हणजे आमचे आजोबा, त्याच पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. ते खाटेवरून ओरडायचे, "छाती पुढे! पोट आत! तुझ्या वयाचा असताना मी दगड पचवायचो!" चुलीपासून आमा, म्हणजे आमची आई, "आधी त्याला भात तर पचू द्या!" आणि दाजू बिचारा दाराच्या चौकटीला लोंबकळून हनुवटी वर नेतोय, चौकट कुरकुरतेय, चौकटीवरचं मांजर दाणकन खाली पडतंय... मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही.

पण तुम्हाला सांगते, दाजूचं खरंच अवघड होतं. मागच्या वर्षी तो पळण्यात पास, गणितात पास, साहेबाने तोंड उघडायला लावून दात बघितले, दातसुद्धा पास! आणि डोकोच्या शर्यतीत आडवा. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर. तीत पंचवीस किलो वाळू घ्यायची आणि डोंगर चढत पळायचं. आता आमच्याकडे गवत, शेण, लाकूड सगळं डोकोतूनच जातं, पण ते नेतं कोण? आमा आणि मी! दाजूच्या कपाळाला माहीत होता तो फक्त टोपीचा पट्टा. आणि यंदा वय संपत होतं हो. यंदा नाही तर कधीच नाही. मग शेजारच्या पोरांसारखं वाळवंटात जायचं, कुणाच्या तरी इमारतीवर विटा वाहायला. मागच्या साली वरच्या आळीतला एक जण पेटीतून परत आला, तेव्हापासून आमा त्या देशाचं नावसुद्धा घरात घेऊ देत नाही.

आमच्या आळीत एक गुरुजी आहेत, तेही पेन्शनवाले. ते पोरांना भरतीसाठी तयार करतात. ते म्हणाले, "नदीकाठची ओली वाळू भर आणि टेकडीच्या माथ्यापर्यंत पळ. रोज!" आता टेकडीच्या माथ्यावर कोण राहतं? आमची ठूलीआमा! बांच्या थोरल्या भावाची बायको. पहिल्या दिवशी दाजू वर पोहोचला, जीभ बाहेर, डोळे पांढरे, आणि ही कमरेवर हात ठेवून उभी.

"काय रे, ही वाळू आता परत खाली नेणार?"

"हो, ठूलीआमा. उद्या पुन्हा वर आणायचीय."

"अरे देवा! डोकं काय नुसतं पट्टा अडकवायला दिलंय का? ओत इथं, भिंतीजवळ. मला एक खोली बांधायचीय."

झालं! त्या दिवसापासून तो रोज वर यायचा, ती रोज कमरेवर हात ठेवून उभी, "आलास? ओत इथं, भिंतीजवळ!" आणि दाजू कमरेत वाकून असा एक हिसका द्यायचा, की वाळू डोक्यावरून भस्सकन पुढे. वर आणखी, "उद्या एक घमेलं जास्त आण हं. वर येतोसच ना, मग हात आखडता कशाला?" दाजू घमेलं जास्त आणायचा. गुरुजी खूश, पोराचा दम वाढला. ठूलीआमा खूश, भिंत वाढली. मला आपलं दिसत होतं, की वर पोहोचलं की ओतायचं, हे दाजूच्या डोक्यात नाही, पाठीतच बसलंय. पण शहाणपण शिकवणारी मी कोण? मी काही बोलले नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. आमाने दह्याचा टिळा लावला, उकडलेलं अंडं भरवलं. गुरुजींनी बजावलं, "वर पोहोचल्यावर पुन्हा वजन होतं. काटा पंचवीसच्या खाली गेला, की सरळ घरी!" आम्ही सगळे आधीच शर्यतीच्या डोंगराच्या माथ्यावर जाऊन दोरीपलीकडे उभे. ठूलीआमासुद्धा. नवी साडी, गळ्यात पोवळ्यांची माळ... आणि हात? हात कुठे असणार! कमरेवर!

वळणावरून दाजू आला. तिसरा होता हो, तिसरा! आमाने माझा दंड इतका आवळला, की अजून वळ आहे. त्याने रेघ ओलांडली, काट्याकडे निघाला, मान वर केली, आणि समोर ठूलीआमा. आणि त्या बाईच्या तोंडून, काय सांगू तुम्हाला, सवयीने, अगदी मायेने निघालं, "आलास? ओत इथं!"

दाजू थांबला. वळला. कमरेत वाकला.

गोरा साहेब बघतोय, बाजे बघतायत, आमा डोळे मिटून मनात देवाला हाक मारतेय! रोज बोलणारे सगळे, नेमके तेव्हाच मुके! आणि मग कुणीतरी ओरडलं, असं ओरडलं, की देवळावरची कबुतरं उडाली, "दाजू! ओतू नकोस! ती साहेबाची वाळू आहे!"

मी होते ती.

दाजू जागच्या जागी गोठला. पण हिसका अर्धा देऊन झाला होता. चांगली घमेलंभर वाळू मातीत. डोको काट्यावर चढला. काटा डुलला, खाली आला, आणखी खाली आला... आणि पंचवीसवर येऊन उभा राहिला. सवयीने दाजूने खालीच एक घमेलं जास्त भरलं होतं ना!

आता ठूलीआमा गावभर सांगते, "माझ्या घमेल्यामुळे पोरगं लागलं!" बाजे म्हणतात, "रक्तच आमचं!" आणि दाजू तिकडे थंडीच्या देशात शिकतोय, बूट चमकवतोय, चिखलात लोळतोय. परवा फोन आला. भली मोठी पाठपिशवी दिली, तर ह्याने तिचा पट्टा कपाळावर घेतला, म्हणे! उस्ताद खेकसला, "डोक्याने नाही, खांद्याने!" आमा हसली, मग आत जाऊन बराच वेळ चुलीत फुंकर मारत बसली. चूल पेटलेलीच होती.

आणि काल ठूलीआमा खाली आली. खोली झाली, छप्पर झालं, गिलावा तेवढा राहिलाय. माझ्याकडे बघून म्हणाली, "कान्छी, तुझी शाळा वरच ना गं? मग रोज रिकामी का जातेस?"

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा एवढी ओरडलीस, मग आता ओरड की! अहो, पण डोको भरलेला, पट्टा कपाळावर, वर अख्खी टेकडी बाकी. बोलायला दम नको का?

मी काही बोलले नाही.