आईच्या नावावरचे अकरा गुंठे

गोदावरी : दोन हजार बावीस साल. ऑगस्टची सव्वीस तारीख, शुक्रवार. तू विसरला असशील मानसिंग, मी नाही.

मानसिंग : आक्का, तीन वर्षं झाली त्याला. आता पुन्यांदा कशाला उकरायचं?

गोदावरी : उकरतंय कोण? तीन वर्षं तुला मेढ्याहून सांगलीचा रस्ता सापडला नाही. आज सकाळी आठला दारात उभा, हातात साडीची पिशवी.

मानसिंग : बहिणीच्या घरी मोकळ्या हातानं येऊ व्हय?

गोदावरी : त्या दिवशीही साडी होती. हिरवी. निबंधकाच्या कचेरीच्या दारात माझ्या हातात ठेवलीस आणि आत नेऊन हक्कसोड करून घेतलंस. ऋचा, चहा राहू दे. इकडं येऊन बस.

ऋचा : आज्जी, मला माहीत आहे सगळं.

गोदावरी : तुला निम्मं माहीत आहे. तू इथं सांगलीत महामंडळाच्या ऑफिसात रांगेत उभी होतीस. पुण्यात एम.एस्सी.ला नंबर लागलेला, सरकारी कर्ज मंजूर, व्याज शासन भरणार. अडलं कुठं, तर सातबारावाला जामीनदार पाहिजे. आपलं घर भाड्याचं, तुझ्या बाबाची दुकानातली नोकरी. म्हणून मी माझ्या सख्ख्या भावाकडं गेले. हा म्हणाला, 'आधी तुझी सही, मग माझी.'

मानसिंग : तसं न्हवतं म्हनलो मी.

गोदावरी : मग कसं म्हणालास?

मानसिंग : ...तसंच म्हनलो आसन.

गोदावरी : सकाळी मी बापाच्या जमिनीवर पाणी सोडलं. बाहेर आल्यावर म्हणालास, 'आक्का, तू एस्टीनं पुढं हो. गाडीचं चाक बसलंय, बदलून मागनं येतो.' आईची शपथ घातलीस.

मानसिंग : चाक खरंच बसलं हुतं.

ऋचा : मामाआजोबा, मी सव्वापाचपर्यंत पायऱ्यांवर बसले होते. शिपायानं कुलूप लावताना विचारलं, 'कुणी यायचंय का ताई?' तुमचा फोन बंद होता.

मानसिंग : पोरी, तुझ्या मामीआजीनं मोडता घातला गं. म्हनली, हिला जामीन राहिलासा तर उद्या आपल्या पुष्करच्या वक्ताला काय करायचं? तीन पोरींवर झालेला पोरगा. मी बी माणूस हाय.

गोदावरी : मग एवढं फोनवर सांगायला काय झालं होतं? आम्ही दुसरा कुणी बघितला असता. हिची जागा गेली. तीन वर्षं लोणंदला डेअरीत दुधाच्या बाटल्या तपासतेय. बरं, आता तुझं बोल. काय पाहिजे?

मानसिंग : पुष्करला एम.टेक.ला जागा मिळाली. त्यो बी पुण्यातच. हिच्यावानीच कर्ज, पन हिला नुसता सातबारावाला जामीन चालतो, साताऱ्याच्या बँकेला मोकळी जमीन तारण पायजे. समदी जमीन सोसायटीला गहाण हाय. मोकळी हाय ती फकस्त आईच्या नावावरची, रस्त्याकडंची.

गोदावरी : अकरा गुंठे.

मानसिंग : व्हय. तिला वारस म्हणून तुझं बी नाव लागलंय. बँकवाला म्हनतो, बहीण समक्ष पायजे, अंगठा मशीनवर द्यायला. उद्या संध्याकाळी पाचला मुदत संपती.

गोदावरी : बापाचे पाचही गट लिहून घेतलेस. बांधावरचं आंब्याचं झाडसुद्धा सोडलं नाहीस. आईचे अकरा गुंठे कसे राहिले रे?

मानसिंग : आता काय सांगू. बाईच्या नावावर काय असतंय, असं वाटलं. ध्यानातच आलं न्हाई.

गोदावरी : आण्णांनी तिला ते अंगावरच्या पाटल्या मोडल्याबद्दल दिले होते. तू तेव्हा रांगत होतास. मी आठ वर्षांची होते. पाटल्या निघत नव्हत्या म्हणून सोनारानं साबण लावला होता, तो वाससुद्धा आहे माझ्या ध्यानात.

मानसिंग : आक्का, पाया पडतो. पोराचं वाटोळं हुईल.

ऋचा : आज्जी, पुष्करनं काही केलं नाही गं.

गोदावरी : तू गप. मानसिंग, हिचा पुन्हा नंबर लागलाय. तेच कॉलेज, तेच कर्ज. जामीनदार अजून मिळालेला नाही. इथलं ऑफिस उद्या साडेदहाला उघडतं.

मानसिंग : म्हंजी?

गोदावरी : आधी तुझी सही, मग माझी.

मानसिंग : ...बरोबर हाय तुझं. करतो. सातबारा गाडीतच हाय. सकाळी हिची सही करतो, मग तुला गाडीत घालून थेट सातारा. अडीच-तीन तासांत पोचू.

गोदावरी : गाडीत नको. मला गाडी लागते, तुला माहीत आहे. मेढ्याच्या वळणांवर आण्णांच्या मांडीवर ओकायचे मी. एस्टीत खिडकीशी बसलं की बरं असतं.

मानसिंग : येशील ना पन येळंवर?

गोदावरी : साडेअकराची गाडी आहे, तीनला साताऱ्यात. तू आणि पुष्कर बँकेत कागद लावून ठेवा.

मानसिंग : आईची शप्पत?

गोदावरी : आईची शपथ. तू पुढं हो, मानसिंग. मी मागून येते.

(पुढच्या वर्षीचा श्रावण. ऋचा पुण्याहून फोनवर.)

ऋचा : आज्जी, दुसऱ्या वर्षाचे पैसे जमा झाले. मेसेज आला.

गोदावरी : देव पावला. जेवलीस?

ऋचा : हो. महामंडळानं जामीनदारालाही पत्र पाठवलं असेल ना?

गोदावरी : पाठवतातच. दर हप्त्याला मेढ्याच्या घरी जातं. पोस्टमन बिराप्पा मोठ्यानं वाचून दाखवतो म्हणे, कारण तुझ्या मामाआजोबाला आता चष्म्यानंही नीट दिसत नाही. 'आपण जामीन असलेल्या कुमारी ऋचा सुमंत...' अख्खी आळी ऐकते.

ऋचा : तुला बरं वाटतं?

गोदावरी : वाटतं. खोटं कशाला बोलू?

ऋचा : आणि ते अकरा गुंठे?

गोदावरी : आहेत तसेच. दोघांची नावं, कुणीच पेरत नाही. गाजर गवत माजलंय कमरेएवढं. मानसिंग गावात सांगतो, माझी बहीण वारली. वहिनीनं आपल्या तीनही पोरींकडून पुष्करसाठी हक्कसोड लिहून घेतलं, ह्या खेपेला आमच्या आईच्या अकरा गुंठ्यांतल्या हिश्शाचंसुद्धा.

ऋचा : त्या दिवशी तू कुठं होतीस, आज्जी? घरी दिवेलागणीला आलीस.

गोदावरी : स्टँडवर. खोटं नव्हते बोलले, गाडीपर्यंत गेले होते. साताऱ्याच्या फलाटासमोरच्या बाकावर बसले. साडेअकराची गेली. बाराची गेली. पर्समधला फोन थरथरत होता, मग तो बंद केला.

ऋचा : एकदाही वाटलं नाही जावं असं?

गोदावरी : साडेबाराची लागली तेव्हा उठले होते. पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, 'या मावशी, खिडकी मोकळी हाय.' मग मला तो शिपाई आठवला, तुला कुणी यायचंय का विचारणारा. खाली उतरले.

ऋचा : पण पुष्करनं काय केलं होतं?

गोदावरी : तू तरी काय केलं होतंस?

ऋचा : मला तेव्हाच कळलं होतं. तू 'मागून येते' म्हणालीस ना, तेव्हाच. तुला घाटात गाडी लागते, सांगली-सातारा हायवेला नाही लागत. बाबांच्या मित्राच्या गाडीतून गेलो होतो आपण त्याच्या आदल्याच वर्षी, तू अख्खा रस्ताभर शेंगा खात होतीस.

गोदावरी : मग बोलली का नाहीस?

ऋचा : नाही बोलले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मामाआजोबांच्या हातात मीच पेन दिलं. सही झाली, मी थँक्यू म्हणाले. तेव्हाही नाही बोलले.

गोदावरी : माझंच रक्त.

ऋचा : हसू नकोस गं. पुष्करचा फोन आला होता काल.

गोदावरी : तुला? शिव्या द्यायला?

ऋचा : नाही. विट्याची माणसं त्याला कोइमतूरला घेऊन गेलीत. सोनं गाळायच्या दुकानात. दिवसभर भट्टीपुढं. इंजिनीअर आहे म्हणून मालक त्याच्याकडून वजनाचं मशीन दुरुस्त करून घेतो. त्याला विचारायचं होतं, पुढच्या वर्षी फॉर्म भरला तर वयाची अट आडवी येईल का.

गोदावरी : तू काय सांगितलंस?

ऋचा : येणार नाही म्हणाले. मग त्यानं विचारलं, आत्या कशी आहे. म्हणाला, बाबा काहीही सांगू देत, तिला त्या दिवशी गाडी लागली असणार, वाटेत कुठंतरी उतरली असणार.

गोदावरी : ...असं म्हणाला?

ऋचा : असंच.

गोदावरी : त्या दोन साड्या होत्या ना. हिरवी, आणि ती दुसरी, मानसिंगनं आणलेली. घडी न मोडता ठेवल्या होत्या. परवा मेहरुनबीकडं दिल्या, गोधडी शिवायला. मागच्या गल्लीत राहते ती, बारीक टाका घालते.

ऋचा : मला नको हं. मला नाही चालणार त्या साड्यांची.

गोदावरी : तुला नाही. पुष्करला पाठवायची आहे. त्याचा पत्ता घेऊन ठेव.

ऋचा : आज्जी, कोइमतूरला थंडी नसते. आणि तो भट्टीपुढं बसतो.

गोदावरी : माहीत आहे गं मला.