भाऊबीजेची भाकरी

ठमाबाई : ...मग उरलेल्या वड्या कुणी खायच्या? भिंतींनी?

भरत : झाकून ठेव. स्नेहल माहेरनं आली की खाईल संध्याकाळी.

ठमाबाई : तिला तिच्या आईनं घातलं असंल की. तिच्या भावाच्या घरी बी भाऊबीजच हाये. तू तुझं बघ. सणाच्या ताटावरनं दोन मासवड्यांवर कुणी उठतं व्हय?

(पेठ गावात, हायवेपासून थोडं आत, ठमाबाईचं घर. थोरला भरत औक्षण करून घेऊन पाटावर बसलाय, कपाळावर कुंकू ओलंच आहे. धाकटी समृद्धी नारायणगावहून ओवाळायला आलीय. तिच्यासमोर आळणी भात, बाजूला मोजून दिलेलं अर्धा पेला पाणी. दोन्ही पोरं एका वेळी डोळ्यांसमोर बसलीत, म्हणून ठमाबाईचा जीव आज भांड्यात पडायला हवा होता; पण तो काही पडत नाही.)

भरत : आई, त्या आहारवाल्या बाई तुझ्यासमोरच बोलल्या ना? "सण सोडू नका, ताट सोडू नका, फक्त हात आखडता घ्या." मग? मासवडी सोडली का मी? दोन घेतल्यात. पण चवीनं खातोय. आधी आठ-आठ गिळायचो, आत तीळ हायेत का खोबरं, पत्ता नसायचा.

ठमाबाई : लई शाना झालास.

भरत : खरंच. लक्ष्मीपूजनाला करंजी अर्धीच घेतली. चघळत बसलो. तेव्हा कळलं, तू खसखस घालतीस आत.

ठमाबाई : चाळीस वर्सं घालती. आत्ता कळलं व्हय? घे, ही एवढी एक घे.

समृद्धी : आई, नको म्हणतोय ना तो.

ठमाबाई : म्या कुठं आग्रह केला? नुसतं इचारलं.

समृद्धी : तू विचारत नाहीस. तू आधी वाढतेस. जन्मात कधी कुणाला 'पुरे का' म्हणालीस?

ठमाबाई : ते काय इचारायचं असतं? खाणाऱ्यानं पुरे म्हणावं, वाढणाऱ्यानं घे म्हणावं. माझ्या सासूनं हेच शिकवलं. तिच्या घरात तुझा बा नव्वद किलोचा गडी झाला.

समृद्धी : हो.

ठमाबाई : तुझा भात तसाच हाये. गिळवत न्हाई का? आळणी लागतो, ठावं हाये मला. वासावरच खा बाई. मासवडीच्या रस्स्याचा वास तरी डॉक्टरनं बंद केला न्हाई.

समृद्धी : खाते.

ठमाबाई : आगं बया, माझी भाकरी तव्यावर हाये. भरता, तुझी दुरडीत हाये, सकाळीच करून ठेवलीय. बशीनं झाकलीय बघ. ती घे.

भरत : घेतो. तू जा.

समृद्धी : ...दादा.

भरत : बोल.

समृद्धी : सोमवारी वजन आहे तुझं. पुण्याला.

भरत : ठाऊक हाये.

समृद्धी : घरी किती भरलं?

भरत : मागल्या खेपेइतकंच. अजून तीन किलो उतरायचंय. आधी कसं भराभरा उतरलं. गणपतीत मोदक खाऊनसुद्धा उतरलं. पण नवरात्रापासनं काटा हलायलाच तयार न्हाई.

समृद्धी : तीन किलो उतरल्याशिवाय ते तुझी किडनी काढणार नाहीत.

भरत : न्हाई. जाड माणसाची काढली तर देणाऱ्यालाच पुढं तरास, असं म्हणले.

समृद्धी : हे म्हणत होते...

भरत : पावणं? काय म्हणत व्हते?

समृद्धी : की भरतभाऊचं मन नसेल. तोंडानं नाही म्हणता येत नाही. बहीण आहे. मग वजन उतरवायचं नाही, आणि डॉक्टरांच्या तोंडूनच नाही म्हणवून घ्यायचं. गाव पण बोलणार नाही काही.

भरत : आन तुला काय वाटतं?

समृद्धी : मला काही वाटत नाही.

भरत : असं कसं? काहीतरी वाटत आसंल.

समृद्धी : काहीच वाटत नाही रे. आधी वाटायचं. सुई बघितली की रडायचे. आता मंचरला जाते, हात पुढे करते, पंख्याकडे बघत पडते. पंख्याचं एक पातं वाकडं आहे. यंत्र रक्त धुतं. घरी येते. वेळ झाली की जेवते, वेळ झाली की पडते. सूरज शाळेतलं काहीतरी सांगत असतो, मी हं म्हणते. परवा त्यानं विचारलं, मी काय सांगितलं सांग. मला सांगता आलं नाही.

भरत : समे...

समृद्धी : म्हणून म्हणते, मन नसेल तर सांगून टाक. मला राग यायला पाहिजे, पण तोसुद्धा येणार नाही. घाबरू नकोस.

भरत : अगं, मी पहाटं उठून कालव्याच्या कडंनं चालतोय. थंडीत. कामावर, कॉलेजच्या वर्कशॉपात, पोरं हसत्यात, मामा, मिलिटरीत भरती व्हायचंय का? तिथल्या कँटीनचा वडापाव समोर येतो, मी पाणी पितो. अवसरीपातूर सायकल मारतो. आन तू म्हणती मन न्हाई?

समृद्धी : मी नाही म्हणाले. हे म्हणाले.

भरत : तू ऐकून घेतलंस ना पण.

समृद्धी : हो. ऐकून घेतलं. मग वजन येतं कुठून?

भरत : ते मलाच कळंना. चपाती बंद, भात मूठभर. सणाला सगळं चाखतो, पण चाखण्यापुरतं. बाकी कोरडी भाकरी. आन खरं सांगू? तीच लई ग्वाड लागती. औंदाची बाजरीच तशी निघाली. कधी वाटलं न्हवतं, नुसती भाकरी इतकी चांगली लागंल.

समृद्धी : दे तुकडा.

भरत : चालतो तुला?

समृद्धी : तुकड्यानं काही होत नाही. दे.

भरत : घे. कशी हाये?

समृद्धी : ...ही सकाळची आहे ना?

भरत : आता आईच म्हणाली की. सकाळी केली.

समृद्धी : बाजरीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. ही लवतेय बघ. मोडत नाही, लवतेय.

भरत : बाजरीच...

समृद्धी : बाजरी नाही दादा. तुझी बोटं बघ. तू वडी डाव्या हातानं नाही खाल्लीस. डावा हात कशानं ओशट झाला?

भरत : दुरडी धरली व्हती.

समृद्धी : उचल ती दुरडी. भाकरीखालचा कागद बघ.

भरत : काय त्याला?

समृद्धी : उजेडाकडे धर. पलीकडचं दार दिसतंय त्यातून. भाकरीएवढं गोल. कोरड्या भाकरीनं कागद असा होत नाही. ह्यात मोहन आहे. चांगलं मुठीनं चोळलेलं.

भरत : भाकरीत कोण मोहन घालतं?

समृद्धी : कुणीच घालत नाही. म्हणूनच तुला कळलं नाही. तुझ्या भाकरी कोण थापतं? वहिनी?

भरत : न्हाई. स्नेहलला हातच लावू देत न्हाई. म्हणती, माझ्या लेकाची भाकरी मी करणार... आई! आई, इकडं ये.

ठमाबाई : आले, आले. काय झालं? ठसका लागला का?

भरत : ह्या भाकरीत काय घातलंय?

ठमाबाई : काय घालणार? पीठ आन गरम पाणी.

भरत : हा कागद बघ.

ठमाबाई : कागदाला मासवडीचं तेल लागलं आसंल.

समृद्धी : आई.

ठमाबाई : ...साय.

भरत : आन?

ठमाबाई : आन तूप. घरचंच हाये. पिठात चोळती थोडं. कधी थोडं, कधी जास्ती.

भरत : कवापासनं?

ठमाबाई : घट बसले तवापासनं. तू पुण्याला जाऊन कागदावर सही करून आलास ना, त्याच दिशी.

भरत : मी उपाशी मरीन म्हणून घातलंस व्हय? आई, तसं आसंल तर तसं सांग. मी रागावणार न्हाई.

ठमाबाई : न्हाई. तसं न्हाई.

भरत : मग?

ठमाबाई : तुझं वजन उतरू नये म्हणून घातलं.

समृद्धी : बस खाली, आई. उभी राहू नकोस.

ठमाबाई : बसत न्हाई. उभ्यानंच सांगती. तुमच्या बाला काय झालं व्हतं? हर्निया. काय म्हणले? साधं हाये मावशी, संध्याकाळी चहा पाजा. म्या थर्मास भरून नेला व्हता. हे मला म्हणले, ठमे, घरी गेलो की मासवडी कर. हसत आत गेले. आन बाहेर कसे आले, ते तुमी बघितलंय. कुणाची चूक न्हवती म्हणले. नसंल. पण त्या दारातनं माणूस चालत आत जातो, ते म्या बघितलं. चालत बाहेर आलेला न्हाई बघितला.

भरत : ते निराळं व्हतं आई. इथं सगळ्या तपासण्या...

ठमाबाई : तिथं बी तपासण्या झाल्या व्हत्या. आन आता एक न्हाई, माझी दोन्ही लेकरं निजवणार त्या टेबलावर. एकाच दिशी. शेजारशेजारच्या खोलीत. म्या कुठल्या दाराशी बसायचं, सांग ना मला? ओझरला गेले. इघ्नहराला म्हणलं, मला बाकी काय नको. दोन्ही राहू दे. कशीबी राहू दे.

समृद्धी : कशीबी.

ठमाबाई : व्हय, कशीबी. तू यंत्रावर जाती, पण घरी येती ना? आज गेलीस, सांजच्याला आलीस. परत गेलीस, परत आलीस. सुकलीस, काळी पडलीस, पण येती. यंत्रावरनं तू घरी तरी येती, समे.

समृद्धी : मी येते?

ठमाबाई : मग? आत्ता आली न्हाईस व्हय? ओवाळलंस की भावाला.

समृद्धी : नीट बघ, आई. मघाशी ओवाळताना दादानं काहीतरी चेष्टा केली. तू हसलीस, तो हसला. मी कशाला हसले नाही, ते बघितलंस? मला ऐकूच नाही आलं. माझा सूरज माझ्या पुढ्यात उभा राहून बोलतो, तेपण ऐकू येत नाही. जी घरी येते ना, ती नुसती साडी येते चालत. तेवढी पुरते तुला? सांग ना. तेवढ्यावर भागतं तुझं?

भरत : समे, पाणी येतंय तुझ्या डोळ्यातनं.

समृद्धी : येतंय का? कळलं नाही मला.

भरत : पदर घे.

समृद्धी : दादा.

भरत : काय?

समृद्धी : मला राग आलाय वाटतं.

भरत : माझा?

समृद्धी : नाही. हिचा. किती दिवसांनी आला. हिनं मला देवाकडे मागून घेतलं आणि कशीबी राहू दे म्हणाली. कशीबी काय? मी काय मोडकी खुर्ची आहे? राहू दे कोपऱ्यात?

ठमाबाई : कर राग. लई कर. माझ्यावर कर, बाई.

समृद्धी : करणारच आहे. घरी गेल्यावर ह्यांना सांगणार आहे, भरतभाऊचं मन होतं. माझ्या आईचं नव्हतं.

ठमाबाई : सांग.

समृद्धी : सांगणार.

भरत : सोमवारचं न्हाई जमायचं आता. दोन दिवसांत तीन किलो कुठनं उतरायचं?

समृद्धी : मग पुढची तारीख मागून घे.

भरत : तवर...

समृद्धी : तवर मी जाईन मंचरला. पंखा बघत पडेन. थांबते मी. तू चाल कालव्यावरनं.

भरत : आई, ही दुरडी घे. ह्या भाकरी मी खात न्हाई.

ठमाबाई : गाईला घालती. अन्न हाये ते, टाकू नये.

भरत : घाल. आन उद्यापासनं माझी भाकरी स्नेहल करंल.

ठमाबाई : न्हाई. म्याच करीन.

भरत : आई!

ठमाबाई : म्याच करीन. तुझ्यासमोर बसून करीन. तू पिठाकडं बघत बस. पण हातची भाकरी काढून घेऊ नगंस माझ्या. त्या दाराशी तर बसायचंच हाये मला, तवर एवढं तरी करू दे.

समृद्धी : आई, काहीतरी करपलं.

ठमाबाई : माझी भाकरी! तव्यावरच राहिली बघ... थांब, आणती. एका अंगानं जळलीय. पण ही घे भरता. ही माझी हाये, ह्यात काय न्हाई. पीठ आन पाणी.

समृद्धी : दे बघू. ...हो. कोरडी आहे.

भरत : अर्धीच मोड.

ठमाबाई : अर्धीच मोडती. जळलेलं मला राहू दे. रस्सा?

भरत : वाटीच्या तळाला येईल एवढा.

ठमाबाई : एवढा?

भरत : हां.

समृद्धी : वरची तर्री नको घालूस.

ठमाबाई : न्हाई घालत. बाजूला सारलीय, बघ तूच. ...भरता.

भरत : आता काय, आई?

ठमाबाई : पुरे का?