काट्याखालचं लिंबू

आमचे मूळपुरुष राजांच्या फौजेबरोबर आले, फौजेतल्या लोकांचे अंगरखे शिवायला, असं आजोबा सांगायचे, आणि तेव्हांपासून आम्ही इथंच, कुंभकोणमांत, घरांत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, म्हणून माझं बोलणं ऐकून तुम्ही मघापासून हसताय ते मला ठाऊक आहे, हसा, माझं काही जात नाही. वडीलही शिंपीच. गिऱ्हाईक छाती फुगवून उभं राहिलं की वडील टेप हातांत धरून त्याच्याशी गप्पा मारायचे, मुलीचं लग्न जमलं का, विहिरीला पाणी लागलं का, आणि तो विसरला, त्यानं श्वास सोडला, की मग माप घ्यायचे. मला शिवण आलं नाही. एक पायजमा शिवला, त्याचा एक पाय आखूड, वडील म्हणाले, बाबा, तू दुसरं काही बघ. मग मी तिरुनागेश्वरम्‌जवळच्या दुधाच्या सोसायटींत लागलो, गुरांच्या काट्यावर. वडील माणसं मापायचे, मी गाई मापतो.

काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं गाय चढवली, आकडा वाचला, झालं. तसं नाही हो. सकाळीच यायचं, वैरणपाण्याआधी, नाहीतर पोटांतलं पाणीही गाय म्हणून मोजलं जातं. गाय उभी राहते त्या काट्याच्या पत्र्यावरचं शेण खरवडायचं, मग शून्य करायचं. गळ्यांतली घंटा काढायची. मालकानं दावं ताणून धरायचं नाही. आणि मग थांबायचं. मी गाईशी मराठींत बोलतो, गावांत दुसऱ्या कुणाला कळत नाही, म्हणून गाय आणि मी मोकळेपणी बोलतो. तिनं श्वास सोडला, शेपूट थांबलं, आकडा थांबला, की लिहायचं.

आता कामाक्षी पाट्टीचं सांगतो. पाट्टी म्हणजे आजी, पलीकडच्या गावची, घरांत एकटी, ती आणि तिची सेल्वी नांवाची गाय. सेल्वीचं वय झालेलं, त्यांत गाभण. पाट्टीचा मुलगा चेन्नैला, तो म्हणायचा, अम्मा, गाय खंगत चालली, विकून टाक आणि माझ्याकडं ये. पाट्टी म्हणायची, खंगली असेल तुझी नजर. शेवटी दोघांचं ठरलं, दर महिन्याला काट्यावर न्यायची, वजन उतरलं तर विकायची. तीन महिने सेल्वी चढतच होती, पाट्टी गावभर सांगत होती, मुलाला फोन करून सांगत होती.

चौथ्या महिन्यांत मुलगा स्वतः आला, आणि सेल्वी तीस किलो कमी भरली.

मुलानं दलालाला फोन लावायला खिशांत हात घातला. पाट्टी मला म्हणाली, तंबी, म्हणजे धाकट्या भावा, पुन्हा एकदा बघ. पुन्हा कमीच. मी म्हणालो, पाट्टी, माझा काटा खोटं बोलत नाही. हे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. ती सेल्वीच्या मानेला धरून रडायला लागली, आणि सेल्वी तिच्याकडं वळायला जरा सरकली, तर आकडा बदलला, दहा किलोनं. चारही पाय पत्र्यावर असतांना गाय कुठंही सरकली तरी वजन तेच यायला हवं.

मुलाला म्हटलं, थांब, फोन ठेव. गाय उतरवली, सोसायटीच्या खोलींतून तांदळाचं पोतं आणलं, ते कवटाळून पत्र्याच्या एकेका कोपऱ्यावर उभा राहिलो. तीन कोपऱ्यांवर एकच वजन, चौथ्यावर कमी. पहार घालून तो कोपरा उचलला, तर खालीं लिंबू.

कुणाचं, पुसाल तर माझंच. तुमच्याकडं खंडेनवमी म्हणतात ना, तिला आम्ही आयुधपूजा म्हणतो, गाड्यांच्या चाकांखालीं लिंबू ठेवतात. सेल्वीच्या तिसऱ्या वजनानंतर ती आली, मला वाटलं, माझं आयुध तर काटाच. हार घातला, कुंकू लावलं, चार कोपऱ्यांखालीं चार लिंबं ठेवली. पहिली गाय चढली तेव्हां तीन चिरडली, ती मी न मोजतां काढून टाकली, चौथं आंत घरंगळलं आणि चिखलांत वाळून लाकूड झालं. रिकामा पत्रा त्याला टेकत नव्हता, म्हणून शून्य बरोबर यायचं. गाय चढली, पत्रा वाकला, की लिंबू तिचं थोडं वजन स्वतःवर घ्यायचं. पूजेपासून सगळ्यांच्याच गाई रोड भरत होत्या, आणि मी शहाणा लोकांना सांगत होतो, यंदा वैरण वाईट!

लिंबू काढून सेल्वीला परत चढवली. गेल्या महिन्यापेक्षां चार किलो जास्त. मुलगा इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. मग उठला, आईच्या हातांतलं दावं घेतलं आणि म्हणाला, चल अम्मा, तिला वैरण घालूं, सकाळपासून उपाशी आहे. पाट्टीनं जातांना माझ्या गालाला हात लावला. तेव्हां मला रडूं आलं, खोटं कशाला सांगू. मग घरोघर जाऊन सांगितलं, चूक माझी, गाई पुन्हा वजनाला आणा.

सेल्वीला कालवड झाली, तिचंही वजन आतां मीच करतो. पूजा अजून करतो, लिंबू मात्र खिडकींत ठेवतो. पाट्टी येते, कालवड चढवायच्या आधी गुडघ्यावर हात ठेवून वाकते आणि काट्याखालीं बघते. म्हणतो, पाट्टी, काही नाही हो खालीं. ती म्हणते, तंबी, तूं लाख चांगला, पण बघू दे. विठोबानं तिचे गुडघे असेच शाबूत ठेवावेत, आणि ती दर महिन्याला अशीच वाकून बघो.